एक्केचाळीस

ज्या रिपोर्टविषयी मी लिहिते आहे, त्यासाठीचे रक्त मीच काढले होते, तपासणी मीच केली होती आणि डॉक्टरांच्या सहीसाठी कागदही मीच पुढे ठेवला होता. रुग्णाच्या नावाच्या जागी माझ्या मायचे नाव होते. वय 58, स्त्री. एकूण कोलेस्टेरॉल 208, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी 236, 'चांगले कोलेस्टेरॉल' म्हणतात ते एचडीएल 41 आणि 'वाईट' म्हणतात ते, सूत्राने काढलेले एलडीएल 120. पहिले दोन आकडे ठळक छापले गेले होते. एचडीएलचा आकडा ठळक नव्हता, कारण आमच्या छापील नमुन्यात त्या रकान्यासमोर '40 ते 60' अशी एकच मर्यादा होती, पुरुषांना तीच आणि स्त्रियांनाही तीच, आणि 41 हे 40 पेक्षा जास्त आहे एवढेच संगणकाला कळत होते. मी मायला फोन करून सांगितले, "थोडं तेल-तूप कमी कर, बाकी काही विशेष नाही." पुढे तीन वर्षांनी ती धुळ्याच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात होती आणि तिच्या हृदयाच्या एका धमनीत स्प्रिंग बसवली जात होती.

तालुक्याच्या गावातल्या प्रयोगशाळेत मी सत्तावीस वर्षे काम करते आहे. इतक्या वर्षांत कोण कोणत्या तपासणीला येते, हे चेहऱ्यावरून नाही तरी चिठ्ठीवरून सांगता येते. बाईच्या चिठ्ठीवर हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, लघवी हे लिहिलेले असते. पुरुषाने चाळिशी ओलांडली की त्याच्या चिठ्ठीवर लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, येते, आणि त्याच्याबरोबर फाइल सांभाळत त्याची बायको येते. आमच्या घरी हेच होते. आप्पांची फाइल निळ्या रंगाची होती, तिच्यात पंचेचाळिसाव्या वर्षापासूनचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेले होते, आणि त्यांचे कोलेस्टेरॉल कोणत्या वर्षी किती होते हे मायला तोंडपाठ होते. मायची फाइल नव्हतीच. तिचे दोन-चार कागद आप्पांच्या फाइलच्या मागच्या कप्प्यात, वीजबिलाच्या पावत्यांबरोबर होते. तो 58 वर्षांच्या वयाचा रिपोर्टही तिने स्वतःहून करून घेतलेला नव्हता. आप्पांना घेऊन आली होती आणि मी म्हटले, आलीच आहेस तर तुझेही बघून टाकू.

लिपिड प्रोफाइल म्हणजे काय, हे मी रोज हाताळत होते, पण त्याचा अर्थ रोज मनात येत होता असे म्हणणे धाडसाचे होईल. मी कामाला लागले तेव्हा एचडीएल थेट मोजणारी रसायने आमच्याकडे नव्हती. सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणाऱ्या पिवळसर द्रवात, अवक्षेपक घालायचे, हलवायचे, दहा मिनिटे ठेवायचे आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचे. एलडीएल आणि त्याचे भाऊबंद पांढऱ्या साक्यासारखे तळाशी बसत आणि वर जे निवळ राहत असे त्यात एचडीएल असे. ते निवळ पिपेटने अलगद उचलून दुसऱ्या नळीत घ्यायचे, रसायन घालायचे, 37 अंशांच्या पाण्यात ठेवायचे आणि हळूहळू चढणारा गुलाबी रंग यंत्रासमोर धरायचा. रंग जितका गडद तितका आकडा मोठा. साका जरा हलला तर सगळे पहिल्यापासून. गुलाबी रंगाच्या त्या नळ्यांची रांग बघताना कोणती नळी बाईची आणि कोणती पुरुषाची हे कळण्याचा काही मार्ग नसतो, आणि कदाचित म्हणूनच तो फरक रिपोर्टच्या कागदावर उमटायला हवा हे आम्हा कुणाच्या ध्यानात आले नाही.

एलडीएल मात्र आम्ही मोजत नव्हतो. आजही अनेक ठिकाणी ते मोजले जात नाही, काढले जाते. फ्रीडवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1972 साली दिलेले सूत्र साधे आहे: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करा, उरते ते एलडीएल. मायच्या बाबतीत 208 वजा 41 वजा 47. हे सूत्र ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेले की चालत नाही. असे रक्त ओळखायला यंत्रही लागत नाही. सीरम ताकासारखे पांढुरके दिसते आणि नळी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली तर कधी कधी सकाळी तिच्यावर दुधावर येते तशी साय आलेली असते. ती साय प्रत्यक्ष पाहिलेला माणूस रक्तातल्या चरबीला नुसता आकडा म्हणत नाही.

इथे एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. लिपिडच्या तपासणीला उपाशी पोटी यावे, असे आम्ही आदल्या दिवशी सांगत असू. बायका 'उपाशी' हा शब्द 'उपवास' असा ऐकत. चतुर्थीला किंवा मंगळवारी त्या आवर्जून येत, आज उपवासच आहे म्हणून, आणि सकाळी काही घेतले का, असे विचारले की उत्तर येई, "काही नाही हो ताई, नुसती साबुदाण्याची खिचडी आणि चहा." आम्ही त्यांना परत पाठवत असू. 2016 साली युरोपातल्या तज्ज्ञांनी, आणि 2024 साली आपल्या देशातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेनेही, नेहमीच्या तपासणीसाठी उपाशी असण्याची सक्ती नको असे सांगितले. जेवणानंतर ट्रायग्लिसराइड काहीसे वाढते, बाकीचे आकडे फारसे हलत नाहीत. ट्रायग्लिसराइड फारच वाढलेले दिसले तर तेवढ्यापुरते पुन्हा उपाशी पोटी बघावे. परत पाठवलेल्या त्या बायकांपैकी किती जणी पुन्हा आल्या असतील, याचा विचार आता मनात येतो. दुसऱ्यांदा बसचे भाडे खर्चून, शेतातला एक दिवस मोडून, स्वतःच्या रक्तासाठी येणारी बाई मी फारशी पाहिलेली नाही.

आखाजीचा तो दिवस मला तासातासाने आठवतो. खान्देशात आखाजी हा सासुरवाशिणींचा सण. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, पितरांच्या नावाने घागर भरली जाते आणि घरोघर खापराची पुरणपोळी आणि आमरस होतो. मीही माहेरी आले होते. पारा 43 च्या पुढे होता आणि माय सकाळी दहापासून चुलीपुढे बसली होती. खापरावरची पोळी ज्यांनी पाहिलेली नाही त्यांना सांगायला हवे की ती लाटत नाहीत; पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर खेळवत खेळवत हातभर मोठा करतात आणि पालथ्या घातलेल्या तापलेल्या खापरावर एका झटक्यात पसरतात. दोन्ही खांदे, दोन्ही दंड आणि पाठ यांचे ते काम आहे. साधारण बाराच्या सुमारास माय मध्येच उठली आणि ओसरीवर जाऊन आडवी झाली. अंगाला दरदरून घाम होता, पण चुलीपुढून उठलेल्या बाईच्या घामाकडे कोण बघतो? तिने जबडा दाबून धरला होता आणि पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, काहीतरी घट्ट बांधल्यासारखे वाटते म्हणाली. मी विचारले तेव्हा म्हणाली, "काई नई व्हस माले, ऊन लागनं शे."

आम्ही तिला कैरीचे पन्हे दिले. वहिनीने पाठ चोळून दिली. उरलेल्या पोळ्या आम्ही दोघींनी कशाबशा थापल्या, त्या फाटल्या, आणि त्यावर घरात हसणेही झाले. रात्री तिला उलटी झाली तेव्हा गावातल्या एका डॉक्टरांना दाखवले. आंब्याचा रस आणि पुरण पोटात असलेल्या, साठी ओलांडलेल्या बाईला उलटी झाली तर कुणालाही जे वाटेल तेच त्यांना वाटले, आणि त्यांनी पित्ताचे इंजेक्शन दिले. ईसीजीची पट्टी काढावी असे त्यांना सुचले नाही. मलाही सुचले नाही, हे त्याच वाक्याला जोडून लिहिले पाहिजे. ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारे प्रथिन) हा शब्द मी महिन्यातून कितीदा तरी टाइप करते. आप्पांनी त्या दिवशी दुपारी जबडा दाबून धरला असता तर मी पन्हे करायला गेले नसते, गाडी काढायला सांगितली असती. सकाळी तिला धाप लागली तेव्हा आम्ही धुळ्याला निघालो. अठरा तास गेले होते.

छातीत कळ येणे हे स्त्रियांमध्येही हृदयविकाराच्या झटक्याचे सर्वांत नेहमीचे लक्षण आहे, पण स्त्रियांमध्ये तिच्या जोडीला, आणि काही वेळा तिच्याऐवजी, धाप, मळमळ, प्रचंड थकवा, जबड्यातले किंवा पाठीतले दुखणे ही लक्षणे पुरुषांपेक्षा अधिक वेळा येतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पहिल्या स्त्री संचालक बर्नाडाइन हीली यांनी 1991 साली एका वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकीयात लिहिले होते की, आपल्याला पुरुषासारखाच हृदयविकार आहे हे स्त्रीने सिद्ध करून दाखवले, म्हणजेच तिच्यावर पुरुषासारखे उपचार होतात. मायनेही ते सिद्ध करून दाखवले, पण अठरा तास उशिरा.

रुग्णालयाच्या बाकावर बसून मी मोबाइलमध्ये तो जुना रिपोर्ट शोधला. तिथे जे दिसले ते मला आधीही ठाऊक असायला हवे होते. एचडीएलची खालची मर्यादा पुरुषांसाठी 40 आणि स्त्रियांसाठी 50 धरतात. इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकामुळे स्त्रियांचे एचडीएल मुळातच जास्त असते, त्यामुळे पुरुषाचे 41 आणि स्त्रीचे 41 या एकाच आकड्याच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: त्याच्या बाबतीत काठावरची आणि तिच्या बाबतीत बरीच खाली गेलेली. शिवाय ट्रायग्लिसराइड 236. होकॅन्सन आणि ऑस्टिन यांनी 1996 साली अनेक अभ्यास एकत्र करून दाखवले होते की ट्रायग्लिसराइड साधारण 88 ने वाढले तर पुरुषांचा हृदयविकाराचा धोका 32 टक्क्यांनी आणि स्त्रियांचा 76 टक्क्यांनी जास्त दिसतो. एचडीएल आणि इतर गोष्टींचा हिशेब वजा केला तरी 14 आणि 37 हे अंतर उरते. म्हणजे जे दोन आकडे बाईच्या बाबतीत जास्त बोलतात, तेच दोन माझ्या मायच्या रिपोर्टवर वाईट होते, आणि मी तिसराच, एलडीएलचा, 120 चा आकडा बघून 'विशेष नाही' म्हटले होते. ट्रायग्लिसराइड ठळक होते, ते मला दिसलेही होते. पण आमच्या भागात, गोड चहा पिणाऱ्या आणि दोन्ही वेळा पोटभर जेवणाऱ्या माणसांत, दोनशेच्या आसपासचे ट्रायग्लिसराइड इतके नेहमीचे की ठळक अक्षराची नजरेला सवय झाली होती.

आणखी एक वजाबाकी मी केली नव्हती, जिला एक पैसाही पडत नाही. एकूण कोलेस्टेरॉलमधून फक्त एचडीएल वजा करायचे. उरते त्याला नॉन-एचडीएल म्हणतात आणि ते 130 च्या खाली असावे अशी अपेक्षा आहे. मायचे 167 होते. याचे महत्त्व मी आमच्या मदतनीस मुलीला केळीच्या भाषेत समजावते. रावेर-सावद्याकडून केळीचे ट्रक निघतात. एकूण माल किती टन गेला हे कळले तरी रस्त्यावर ट्रक किती होते हे कळत नाही. कोलेस्टेरॉलचा आकडा हा मालाचा आकडा आहे. धमनीच्या अस्तरात घुसतात ते ट्रक. ट्रायग्लिसराइड वाढलेल्या माणसात पुष्कळदा एलडीएलचे कण बारीक होतात, म्हणजे अर्धे भरलेले छोटे ट्रक संख्येने पुष्कळ असतात आणि मालाचे वजन पाहून रस्ता मोकळाच वाटतो. प्रत्येक ट्रकला जसा एकच चालक, तसे त्या प्रत्येक कणावर अपोबी नावाचे एकच प्रथिन असते, त्यामुळे अपोबी मोजले की ट्रक मोजल्यासारखे होते. सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखाली 52 देशांत झालेल्या आणि 2004 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात झटक्याशी सर्वांत घट्ट संबंध याच अपोबीच्या आणि एचडीएलवरच्या अपोए-वनच्या गुणोत्तराचा दिसला होता. धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळे-भाज्या, व्यायाम, मद्य आणि हे गुणोत्तर अशा नऊ गोष्टींनी पुरुषांमधला 90 टक्के आणि स्त्रियांमधला 94 टक्के धोका समजावता आला, आणि दक्षिण आशियातल्या माणसांना पहिला झटका इतरांपेक्षा लवकर येतो हेही त्यातच दिसले. आमच्याकडे अपोबी होत नाही. नमुना बर्फाच्या डब्यातून मोठ्या शहरात जातो आणि त्याचा खर्च साध्या लिपिड प्रोफाइलपेक्षा बराच जास्त येतो. नॉन-एचडीएल मात्र पेन्सिलीने काढता येते.

बाईला हृदयविकार होत नाही, हा आपल्याकडचा समज अगदीच निराधार नव्हता; तो एका वयापर्यंत खरा वाटण्याजोगा होता. पाळी चालू असते तोवर इस्ट्रोजेन यकृतातल्या एलडीएल उचलणाऱ्या ग्राहींना जागते ठेवते आणि रक्तातले एलडीएल आटोक्यात राहते. याच ग्राहींच्या शोधासाठी ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना 1985 चे नोबेल मिळाले. पाळी जाण्याच्या आगेमागे साधारण वर्षभरात एलडीएल आणि अपोबी चढतात, हे अमेरिकेत स्त्रियांच्या मध्यमवयाचा पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासात स्पष्ट दिसले आहे. त्यामुळे स्त्रीला हा आजार पुरुषापेक्षा सात ते दहा वर्षे उशिरा गाठतो, आणि मधुमेह असला तर ही सवलतही पुष्कळशी संपते. भारतीय स्त्रीची पाळी सरासरीने सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी जाते, पाश्चात्त्य स्त्रीपेक्षा काही वर्षे आधीच; म्हणजे आमची सवलतीची मुदत मुळातच तोकडी. बाळंतपणात रक्तदाब किंवा साखर वाढलेली असेल तर तोही पुढच्या धोक्याचा इशारा असतो. मायला माझ्या धाकट्या भावाच्या वेळी पायावर सूज आणि रक्तदाब होता. हे घरात सगळ्यांना माहीत होते, पण बाळंत झाली आणि सूज उतरली म्हणजे ती गोष्ट संपली, असेच सगळ्यांनी धरले होते.

मग इस्ट्रोजेनच बाहेरून द्यावे, हे सुचणे स्वाभाविक होते आणि तसे करून पाहिलेही गेले. हृदयविकार असलेल्या 2763 स्त्रियांवर झालेल्या, 1998 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत संप्रेरकांच्या गोळ्यांनी एलडीएल खाली आले, एचडीएल वर गेले, रिपोर्ट सुंदर झाले, आणि झटके मात्र कमी झाले नाहीत. 2002 साली निरोगी स्त्रियांवरची त्याहून मोठी चाचणी अपायच जास्त दिसल्यामुळे मुदतीआधी थांबवावी लागली. नुसते एचडीएल वाढवणाऱ्या एका औषधाची चाचणीही 2006 साली बंद करावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांमध्येच मृत्यू जास्त झाले. रिपोर्ट टाइप करणाऱ्या माणसाला नम्र करणारी ही उदाहरणे आहेत. एचडीएल कमी असणे ही धोक्याची खूण आहे; पण ते औषधाने ओढून वर आणले म्हणजे धोका गेला, असे नाही. एलडीएलचे तसे नाही. स्टॅटिनने ते खाली आणले की झटके कमी होतात, स्त्रियांमध्येही.

घरातल्या तेल-तुपाविषयी मला रोज विचारतात, आणि त्यात अमळनेरच्या माणसाला जरा जास्तच बोलावेसे वाटते. 29 डिसेंबर 1945 रोजी आमच्या अमळनेरात वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन झाली आणि वनस्पती तूप काढू लागली. पुढे जगभर संगणकाच्या कामासाठी ओळखली गेलेली विप्रो ती हीच. ज्यांच्या आजोबांनी तिचे शेअर न विकता पेटीत ठेवले, त्यांच्या श्रीमंतीच्या गोष्टी गावात अजून सांगतात. साजूक तूप परवडत नाही आणि जावयाला कोरडी बट्टी वाढता येत नाही, अशा घरांची लाज देशभर वनस्पतीने राखली. त्या काळी तेलात हायड्रोजन सोडून ते गोठवताना ट्रान्स फॅट नावाची जी चरबी तयार होते, ती एलडीएल वाढवते आणि त्याच वेळी एचडीएल कमी करते, हे जगाला नीट कळायला 1990 साल उजाडले. आपल्याकडे 1 जानेवारी 2022 पासून तेला-तुपातील ट्रान्स फॅट दोन टक्क्यांच्या आत ठेवण्याचे बंधन आले. इतक्या मोठ्या इतिहासाच्या गावात आजही मला विचारले जाते ते हे, की शेंगदाणे बंद करू का, त्यात कोलेस्टेरॉल असते ना? शेंगदाण्यात कोलेस्टेरॉल नसते. तिळातही नसते, खोबऱ्यातही नसते. तेलाच्या पिशवीवर 'कोलेस्टेरॉलमुक्त' असे छापलेले असते ते खरेच असते, जसे केळीवर 'काटेमुक्त' छापले तरी खरेच असेल. मायसारख्या बायकांच्या रक्तातले ट्रायग्लिसराइड वाढवणारे पदार्थ बहुधा दुसरे असतात: दिवसातून चार-पाच वेळा होणारा साखरेचा चहा, आठवड्यातून दोन उपवासांचा साबुदाणा आणि बटाटा, आणि सगळ्यांचे झाल्यावर उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून संपवण्याची सवय. कळण्याची भाकरी आणि भरीत हे जेवण डॉक्टरांनी लिहून द्यावे इतके चांगले आहे. आम्ही ते पाहुण्यांसाठी ठेवतो आणि एरवी पावाबरोबर शेवभाजी खातो.

माय घरी आल्यानंतरच्या आठवड्यात मी आमच्या प्रयोगशाळेचा छापील नमुना बदलला. एचडीएलच्या समोर दोन ओळी केल्या: पुरुष, 40 पेक्षा जास्त, स्त्रिया, 50 पेक्षा जास्त. खाली नॉन-एचडीएलची एक नवी ओळ घातली. आमच्या डॉक्टरांनी एकदा चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले, "हे आधीच करायला हवं होतं," एवढेच म्हणाले आणि सही केली. दोन ओळी टाइप करायला मला पाच मिनिटे लागली असतील. तेव्हापासून बायकांच्या रिपोर्टवर ठळक अक्षरे वाढली, इतकी की एका गृहस्थांनी तक्रार केली, "ताई, तुमचं मशीन बिघडलंय, माझं एचडीएल 44 ते साधं आणि हिचं 46 ते जाड?" मी त्यांना समजावले. त्यांची बायको शेजारी उभी होती, हातात नवऱ्याची फाइल होती, आणि मी बोलत होते तोवर ती माझ्याकडे नाही, त्या जाड आकड्याकडे बघत होती.

मायला रोज रात्री स्टॅटिनची गोळी आहे. तिचे एलडीएल 120 वरून 58 वर आले तेव्हा मला वाटले सुटलो. हृदयरोगतज्ज्ञ म्हणाले, 55 च्या खाली हवे, आणि जोडीला दुसरी गोळी दिली. ती आता स्वतःची फाइल ठेवते. फाइल आप्पांचीच जुनी, निळी आहे, पण वरचे नाव खोडून तिने माझ्या भाचीकडून आपले लिहून घेतले. आप्पांचे रिपोर्ट मागच्या कप्प्यात गेले.

मधल्या काळात मी एक शोधनिबंध वाचला आणि तो मनातून जात नाही. 1992 ते 1995 या काळात अमेरिकेत निरोगी स्त्रियांचे रक्त घेऊन ठेवले होते. पॉल रिडकर आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या 27,939 जणींचा तीस वर्षांचा हिशेब 2024 साली मांडला. रक्त एकदाच काढलेले. त्यातून तीनच गोष्टी मोजल्या: एलडीएल, दाह दाखवणारे एचएस-सीआरपी आणि लिपोप्रोटीन-ए. सर्वांत वरच्या पाचव्या हिश्शातल्या स्त्रियांचा धोका सर्वांत खालच्या हिश्शातल्या स्त्रियांच्या तुलनेत एलडीएलमुळे 36 टक्के, लिपोप्रोटीन-एमुळे 33 टक्के आणि सीआरपीमुळे 70 टक्के जास्त निघाला; तिन्ही वर असतील तर अडीचपटीहून अधिक. एका नळीतले रक्त तीस वर्षे पुढचे बोलू शकते, हे वाचून मी त्या दिवशी कचऱ्याच्या पिशवीत टाकायच्या नळ्यांकडे जरा वेळ बघत बसले.

त्यातले लिपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच एक कण) हे नाव तोवर आमच्या चिठ्ठ्यांवर मी एकदाही पाहिले नव्हते. नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी ते 1963 साली शोधले. त्याचे प्रमाण जवळजवळ संपूर्णपणे आई-बापांकडून येते, खाण्यापिण्याने फारसे बदलत नाही, स्टॅटिनने कमी होत नाही, आणि स्त्रियांमध्ये पाळी जाताना किंचित वाढते. 50 च्या वर असेल तर धोका मोठा धरतात, म्हणजे मग बाकीच्या गोष्टी तितक्याच कसून सांभाळाव्या लागतात. आयुष्यात एकदा मोजले तरी बहुधा पुरते. मी मायचे आणि माझे रक्त एकाच दिवशी काढले, दोन्ही बल्ब, म्हणजे रक्ताच्या नळ्या, बर्फाच्या डब्यात घालून पाठवले. मायचे 84 आले. माझे 79.

मी आता 49 वर्षांची आहे आणि गेल्या आठ महिन्यांत पाळी दोनदाच आली आहे. माझे एलडीएल दोन वर्षांपूर्वी 104 होते, आता 131 आहे. एचडीएल 47, माझ्याच नव्या नमुन्याने ठळक छापलेले. मायला मी फोन करून सांगितले तेव्हा ती थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "मना कडथीन आनं का ते?" माझ्याकडून आले का, असे तिने विचारले. मी म्हटले, तुझ्याकडून मला हाताची बोटेही आली आहेत आणि पोळी फाटते तो भाग आप्पांकडून आला असेल. ती हसली नाही. मग तिने मुलीचे विचारले.

माझी मुलगी 22 वर्षांची आहे, नाशिकला शिकते. आपल्याकडच्या हृदयरोगतज्ज्ञांनी 2024 साली पहिले लिपिड प्रोफाइल अठराव्या वर्षीच करावे असे सुचवले आहे, म्हणजे तिलाही चार वर्षे उशीरच झाला. ती म्हणते, मला काय झाले आहे? हे वाक्य मी आधी ऐकलेले आहे. दिवाळीला ती येईल तेव्हा रक्त काढू द्यायचे तिने कबूल केले आहे. रुग्ण समोर बसल्याशिवाय बल्बवर नाव लिहायचे नाही, हा आमच्या कामातला पहिला नियम आहे, कारण आधी लिहून ठेवलेल्या नावांच्या अदलाबदली होतात. म्हणून तिचा बल्ब अजून कोराच आहे.